हवे होते एकच टेबल: पोस्टग्रेसच्या ‘पीजी-रिस्टोर’विषयी, एका पतसंस्थेतल्या अनुभवावरून

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका पतसंस्थेचे संगणकाचे काम मी गेली सहा वर्षे पाहतो आहे. खानापूर आणि निपाणी येथे तिची एकेक शाखा आहे, सभासदांत वडगाव-खासबागचे विणकर, बाजारातले हमाल आणि उद्यमबागेतल्या फौंड्र्यांचे कामगार आहेत, आणि संस्थेचा खरा व्यवसाय पिग्मीचा आहे. पुढे सिंडिकेट बँक या नावाने ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली दारोदार माणूस पाठवून रोजची किरकोळ बचत गोळा करण्याची ही पद्धत सुरू केली, आणि ती या भागात इतकी रुजली की ‘ठेव’ म्हटले की आमच्याकडे आधी पिग्मीचा एजंटच डोळ्यांसमोर येतो. संस्थेचा सगळा हिशेब पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, म्हणजे टेबल नावाच्या तक्त्यांत, आहे, तो डेटाबेस मुंबईतल्या एका भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर आहे, आणि त्याचा बॅकअप आम्ही दोन प्रकारांनी घेतो: रात्री एक वाजता सर्व्हरच्या पूर्ण डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची जशीच्या तशी प्रत), आणि दोन वाजता पीजी-डंप या पोस्टग्रेसच्याच साधनाने काढलेली डेटाबेसची एक फाइल, जिची प्रत सकाळी शहापूरच्या कचेरीतल्या डिस्कवर उतरते.

पीजी-डंपची फाइल परत डेटाबेसमध्ये घालणारे साधन म्हणजे पीजी-रिस्टोर. ते पोस्टग्रेसबरोबरच विनामूल्य येते आणि त्याला स्वतःचा पडदा किंवा बटणे नाहीत. जे काही सांगायचे ते कमांड टाइप करून सांगावे लागते. हे परीक्षण प्रामुख्याने एका प्रश्नापुरते आहे: संपूर्ण डेटाबेस शाबूत असताना त्यातले एखादेच टेबल बिघडले, तर ते टेबल तेवढे मागे नेण्यासाठी हे साधन किती उपयोगी पडते? पूर्ण डेटाबेस उभा करण्याचे काम ते चोख करते आणि त्याविषयी मला फारसे सांगायचे नाही.

प्रसंग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला आहे आणि त्यातली चूक सर्वस्वी माझी आहे. मार्चअखेरची धावपळ संपली होती, एका एजंटाने काम सोडले होते आणि त्याच्या लाइनवरची सगळी खाती दुसऱ्या एजंटाच्या कोडवर चढवायची होती. मी दोन ओळींची अपडेट कमांड लिहिली. पहिल्या ओळीत नवा एजंट कोड होता आणि दुसऱ्या ओळीत ‘जुना कोड अमुक असेल तेथेच’ ही अट होती. माउसने ओळी निवडताना पहिलीच ओळ निवडली गेली आणि मी कमांड चालवली. खाली उमटणारा बदललेल्या ओळींचा आकडा एकशे सत्तरच्या आसपास यायला हवा होता. तो अकरा हजारांवर गेला होता. म्हणजे तिन्ही शाखांतली एकूण एक पिग्मी खाती एकाच माणसाच्या नावावर लागली होती. मी अजून त्या आकड्याकडे पाहत असतानाच काउंटरवरच्या मॅडमनी आतल्या खोलीत डोकावून विचारले, “सर, सगळी खाती एकाच एजंटाच्या नावावर दिसायलीत की हो?” घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती.

संस्थेच्या सचिवांनी जे विचारले ते कोणीही विचारील: “रात्रीचा बॅकअप आहे न्हवं? मग घाला की तो.” या ‘घाला की’मध्येच सगळी अडचण होती. काउंटर दहा वाजता उघडले होते, तोपर्यंत चाळीसेक पावत्या फाडून झाल्या होत्या आणि तीन नवी खाती उघडली गेली होती. रात्रीचा बॅकअप आहे तसा घातला असता तर एजंट कोड जागेवर आले असते, पण सकाळी पैसे भरून गेलेल्या माणसांच्या हातात पावती आणि आमच्या वहीत शून्य, अशी अवस्था झाली असती. मला मागे न्यायचे होते ते एका टेबलातले एक कॉलम. बाकी सगळे होते तेथेच राहायला हवे होते.

येथे पीजी-डंपची फाइल कोणत्या स्वरूपात काढली आहे यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ती साध्या एसक्यूएल मजकुराच्या स्वरूपात असेल तर पीजी-रिस्टोर तिला हातच लावत नाही, आणि मग शेकडो पानांच्या मजकुरातून एका टेबलाचा भाग कात्रीने कापून काढावा तसा एडिटरमध्ये शोधत बसावे लागते. आमची फाइल सुदैवाने ‘कस्टम’ स्वरूपात होती. या स्वरूपात मजकूर आपोआप दाबून लहान केलेला असतो आणि फाइलच्या सुरुवातीला आत काय काय आहे याची अनुक्रमणिका असते. पीजी-रिस्टोरला मायनस स्मॉल एल (-l) हा पर्याय दिला की ती अनुक्रमणिका पडद्यावर येते आणि त्या वेळी कोणत्याही डेटाबेसला धक्का लागत नाही. माझ्या मते या साधनाचा हा सर्वांत मोलाचा गुण आहे. घाबरलेल्या माणसाला काहीही न बिघडवता आधी नुसते पाहता येणे फार गरजेचे असते.

अनुक्रमणिका पाहून झाल्यावर मी एक रिकामा डेटाबेस तयार केला आणि मायनस टी (-t) हा पर्याय वापरून फक्त खात्यांचे टेबल त्यात उतरवायला गेलो. लगेच त्रुटी आली. आमच्या टेबलात ‘खात्याचा प्रकार’ हे कॉलम आम्ही स्वतः बनवलेल्या एका डेटा-प्रकाराचे आहे, आणि तो प्रकार रिकाम्या डेटाबेसमध्ये नव्हता. मायनस टी दिल्यावर पीजी-रिस्टोर त्या टेबलाचा आधार असलेल्या इतर गोष्टी आणण्याचा मुळीच प्रयत्न करत नाही. त्याहून फसवी बाब पुढे आहे. बॅकअप काढताना पीजी-डंपला हाच मायनस टी दिला तर टेबलाबरोबर त्याचे इंडेक्सही (ओळी चटकन शोधण्यासाठी लावलेल्या सूची) फाइलमध्ये येतात. पण परत घालताना पीजी-रिस्टोरला मायनस टी दिला तर इंडेक्स येत नाहीत, म्हणजे टेबल उघडेबोडके येते. एकाच घरातल्या दोन भावांनी एकाच शब्दाचे दोन अर्थ करावेत तसा हा प्रकार आहे. अधिकृत दस्तऐवजात तो स्वच्छ लिहिलेला आहे, हे खरे. तथापि अकरा वाजून तीस मिनिटांनी दस्तऐवज वाचायला बसलेल्या माणसाला त्याचा आनंद होत नाही.

उपाय त्याच अनुक्रमणिकेत आहे. ती एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची, नको असलेल्या ओळींच्या सुरुवातीला अर्धविराम घालून त्या झाकायच्या, आणि ती सुधारलेली यादी मायनस कॅपिटल एलने (-L) पीजी-रिस्टोरला द्यायची. आमच्या खात्यांच्या टेबलाशी संबंधित ओळी एकूण आठ निघाल्या: त्या डेटा-प्रकाराची, टेबलाच्या रचनेची, टेबलातल्या मजकुराची, प्राथमिक किल्लीची (जिच्यामुळे एकच नोंद दोनदा बसत नाही), दोन इंडेक्सची, एक दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणाऱ्या परकीय किल्लीची आणि एक ट्रिगरची, म्हणजे नोंद बदलली की आपोआप चालणाऱ्या कामाची. शेवटच्या दोन मी झाकल्या, कारण ज्या टेबलाकडे किल्ली बोट दाखवते ते या बाजूच्या डेटाबेसमध्ये नव्हतेच, आणि ट्रिगरला लागणारे फंक्शनही नव्हते. उरलेल्या सहा ओळींवर टेबल सुमारे दोन मिनिटांत पूर्ण उतरले, प्राथमिक किल्लीसकट.

त्यानंतरचे काम पीजी-रिस्टोरचे नाही, पण त्याशिवाय हा अनुभव अपुरा राहील. उतरलेल्या टेबलातून खाते क्रमांक आणि एजंट कोड ही दोनच कॉलमे सीएसव्ही फाइलमध्ये काढली, चालू डेटाबेसमध्ये एका वेगळ्या तात्पुरत्या टेबलात भरली, आणि खाते क्रमांक जुळवून तेवढाच कोड मूळ टेबलात परत लिहिला. या वेळी आधी ‘बिगिन’ लिहिले (म्हणजे ‘कमिट’ म्हणेपर्यंत बदल पक्का होत नाही), बदललेल्या ओळींचा आकडा सचिवांना मोठ्याने वाचून दाखवला आणि मगच ‘कमिट’ केले. सकाळी उघडलेली तीन खाती रात्रीच्या फाइलमध्ये असणे शक्यच नव्हते. त्यांचे कोड फॉर्म पाहून हाताने घातले. नोंदींचा लॉग पाहिल्यावर आणखी एक गोष्ट सापडली: निपाणी शाखेत सकाळी साडेदहाला एका खात्याचा एजंट रीतसर अर्ज घेऊन बदलला होता, आणि माझ्या दुरुस्तीने तो बदलही रात्रीच्या स्थितीला गेला होता. तोही पुन्हा केला. बारा वाजून दहा मिनिटांनी काउंटर पूर्ववत चालू झाले, आणि संध्याकाळी एजंट आपापली हातातली मशीन घेऊन जमा करायला आले तेव्हा त्यांना सकाळची काही कल्पना नव्हती.

आता दोषांविषयी, म्हणजे नवख्या माणसाचा पाय जेथे घसरतो त्या जागांविषयी. पीजी-रिस्टोर एखादी त्रुटी आली तरी आपण होऊन थांबत नाही. पुढच्या गोष्टी घालत राहते आणि शेवटी ‘इतक्या त्रुटींकडे दुर्लक्ष केले’ असा आकडा सांगते. पूर्ण डेटाबेस रिकाम्या जागी उभारताना ही सवय सोयीची आहे, परंतु चालू डेटाबेसवर थेट एखादे टेबल घालण्याचा मोह झाला तर तीच अंगावर येते. समजा तेथे टेबल आधीपासून आहे. टेबल बनवण्याची कमांड त्रुटी देईल, साधन पुढे जाईल आणि मजकूर आहे त्याच टेबलात ओतू पाहील. प्राथमिक किल्ली असेल तर ती दुबार नोंदी अडवील. नसेल तर प्रत्येक ओळ दोनदा बसेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय मी आता नेहमी देतो, कारण त्यात पहिल्याच त्रुटीला सगळे थांबते आणि काहीच बदलत नाही. मात्र तो दिल्यास अनेक कामे समांतर चालवण्याचा जॉब्ज हा पर्याय वापरता येत नाही. वेग आणि सावधपणा यांतले एकच मिळते.

आणखी एक मोह ट्रंकेटचा असतो, ‘आधी टेबल रिकामे करू आणि मग रात्रीचे भरू’ असा. खात्यांच्या टेबलाकडे व्यवहारांचे टेबल परकीय किल्लीने बोट दाखवत असल्यामुळे पोस्टग्रेस साधे ट्रंकेट करू देत नाही आणि सूचना देताना कॅस्केड वापरता येईल असे सुचवते. ते वापरले की व्यवहारांचे टेबलही रिकामे होते. या एका सूचनेवर विश्वास ठेवून कितीजणांचे दिवस वाया गेले असतील कोण जाणे. पावती क्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सचीही वेगळी काळजी घ्यावी लागते. त्याची चालू किंमत अनुक्रमणिकेत स्वतंत्र ओळीवर असते, ती घ्यायची राहिली तर नव्या टेबलात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात.

मग डिस्कचा स्नॅपशॉट का वापरला नाही, असा प्रश्न येईलच. स्नॅपशॉट एका क्षणाला संपूर्ण डिस्क गोठवतो. पोस्टग्रेस त्यावरून सुरू केले की वीज जाऊन मशीन बंद पडल्यावर करते तसे ते आपल्या वॉल लॉगवरून, म्हणजे प्रत्येक बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदींवरून, स्वतःला सावरून घेते, त्यामुळे तो विश्वासार्ह असतो, फक्त डेटा आणि वॉल वेगवेगळ्या डिस्कवर असतील तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणी घेतलेला असला पाहिजे. पण स्नॅपशॉटला टेबल ही वस्तू ठाऊक नाही, त्याला दिसतात ते डिस्कचे ठोकळे. एक टेबल हवे असले तरी नवी डिस्क तयार करा, ती दुसऱ्या मशीनला जोडा, तेथे पोस्टग्रेसची तीच मुख्य आवृत्ती चालू करा, आणि मग त्यातून ते टेबल पीजी-डंपने काढा, असा द्राविडी प्राणायाम करावा लागतो. आम्ही पुढे सराव म्हणून तोही करून पाहिला. पाऊण तास लागला. पूर्ण मशीन गेली असती तर मात्र मी स्नॅपशॉटकडेच धावलो असतो, कारण पीजी-डंपच्या फाइलमध्ये इंडेक्सची फक्त व्याख्या असते आणि परत घालताना प्रत्येक इंडेक्स नव्याने बांधावा लागतो, त्याला वेळ लागतो.

इंडेक्स नव्याने बांधला जाणे हा वेळेचा तोटा आहे असेच मी समजत होतो, आणि आमच्या भागात तोच कसा फायदा ठरतो हे मला दुसऱ्या एका प्रसंगाने दाखवले. आमच्या सभासदांची नावे तीन लिप्यांत आहेत: बरीचशी मराठीत, अर्जच कन्नडमध्ये आला असेल तर कन्नडमध्ये, आणि नोकरदारांची इंग्रजीत. सर्व्हर जुन्या लिनक्सवरून नव्यावर नेताना मी घाई म्हणून डिस्कवरची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी उचलून ठेवली. सगळे चालू झाले, आकडे जुळले, आणि दोन दिवसांनी खानापूर शाखेतून तक्रार आली की काही सभासद नावाने शोधले तर सापडत नाहीत, क्रमांकाने शोधले तर सापडतात. कारण असे की, पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम बहुधा लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीकडून घेते, आणि २०१८ साली आलेल्या तिच्या २.२८ या आवृत्तीत क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या क्रमाने रचलेल्या इंडेक्समध्ये नव्या क्रमाने शोध घेतला की नाव असूनही हाताला लागत नाही. कपाटातली पुस्तके एका क्रमाने लावलेली आणि ग्रंथपाल दुसऱ्याच क्रमाने शोधतो आहे, असे होते. रीइंडेक्स केल्यावर, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधल्यावर, नावे सापडू लागली. स्नॅपशॉटवरून नव्या लिनक्सवर गेल्यास हा धोका असतोच. पीजी-डंप आणि पीजी-रिस्टोरच्या मार्गाने गेल्यास तो नसतो, कारण इंडेक्स नव्या मशीनवर नव्या नियमांनीच बांधले जातात. पोस्टग्रेसच्या १५व्या आवृत्तीपासून डेटाबेसच्या अक्षरक्रमाची आवृत्ती जुळत नसेल तर जोडणी करतानाच इशारा मिळतो, आणि ही सुधारणा फार पूर्वी यायला हवी होती असे मला वाटते. (जुन्या फॉन्टांच्या जमान्यात टाइप झालेली काही नावे अजूनही आमच्याकडे अगम्य चिन्हांच्या रूपात आहेत, पीजी-रिस्टोर तीही इमानेइतबारे तशीच्या तशी परत आणते.)

आवृत्त्यांविषयी एक कडक नियम लक्षात ठेवावा. सर्व्हरची मुख्य आवृत्ती पीजी-डंपपेक्षा नवी असेल तर पीजी-डंप काम करायला नकार देते, आणि ते योग्यच आहे. पण रात्री दोन वाजता दिलेला नकार कोणी वाचला नाही तर बॅकअप नाही हे कळतच नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली, तेव्हा नेमके हेच उघडकीस आले होते: सर्व्हर ९.६ आवृत्तीचा आणि पीजी-डंप ९.२चे, त्यामुळे रोजचा डंप होतच नव्हता, आणि अपयशाच्या ई-मेलही कोणाला पोचत नव्हत्या. शेवटी त्यांना सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका डिस्क स्नॅपशॉटने हात दिला. कंपनीने ही सगळी हकिगत स्वतःच जाहीर केली. ती वाचल्यापासून मी दोन्ही प्रकारचे बॅकअप ठेवण्याबद्दल संस्थेत कधी वाद घालत नाही, खर्चाचा मुद्दा निघाला तरी.

पीजी-डंप युजर आणि त्यांचे पासवर्ड घेत नाही, त्यासाठी पीजी-डंप-ऑल वेगळे चालवावे लागते. रिस्टोर झाल्यावर ॲनलाइझ (टेबलांतल्या मजकुराची आकडेवारी नव्याने गोळा करणारी कमांड) चालवावे, नाहीतर पहिल्या दिवशी सगळ्या क्वेऱ्या रेंगाळतात. या दोन्ही गोष्टी एकदा स्क्रिप्टमध्ये घातल्या की विसरता येतात.

त्या एप्रिलनंतर संस्थेने दुपारी दोन वाजता आणखी एक डंप काढायला मान्यता दिली, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, काउंटर बंद झाल्यावर, एक टेबल चिठ्ठी टाकून निवडायचे आणि रात्रीच्या फाइलमधून बाजूच्या डेटाबेसमध्ये उतरवून ओळी मोजायच्या, असा पायंडा पडला. चिठ्ठी सचिव काढतात, ओळींचा आकडा मॅडम वहीत लिहितात. गेल्या शनिवारी कर्जाच्या जामीनदारांचे टेबल निघाले; यादी झाकून उतरवायला सात मिनिटे लागली, एक त्रुटी आली, आणि ती त्या टेबलाचा मालक असलेला युजर बाजूच्या मशीनवर नसल्याची होती. नो-ओनर हा पर्याय स्क्रिप्टमध्ये घातला आणि वहीत त्या दिवशीच्या आकड्याखाली तसे लिहून सही केली.